परत येणाऱ्यांची मोजदाद : महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई



महाराष्ट्राच्या कारागृह व सुधारसेवा विभागाने ‘सुधारणा व पुनर्वसन’ हे आपले ब्रीद मानले आहे, आणि येरवड्यापासून नागपूरपर्यंतच्या मध्यवर्ती कारागृहांत त्या ब्रीदाला धरून हातमाग, सुतारकाम, बेकरी, मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे, योगवर्ग, प्रवचने आणि व्यसनमुक्तीची शिबिरे अशी कामे वर्षानुवर्षे चालत आली आहेत. या कामांचा हिशेब मात्र किती शिबिरे झाली, किती बंद्यांनी भाग घेतला आणि किती प्रमाणपत्रे वाटली गेली एवढ्यापाशीच थांबतो. त्यांत भाग घेतलेला माणूस सुटल्यानंतर दोन-तीन वर्षांनी कामावर होता की पुन्हा कोठडीत होता, या प्रश्नाचे उत्तर त्या हिशेबात सापडत नाही. अपराध्यांचे पुनर्वसन आणि पुनरपराध यांवर गेल्या पन्नास वर्षांत जगभर झालेले संशोधन याच प्रश्नापासून सुरू होते. त्या संशोधनाच्या उजेडात पाहिले असता असे दिसते की, राज्याचे सुधारकार्य आज ज्यांच्यापर्यंत पोहोचते त्यांतील बहुतेक जण पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता मुळातच कमी असते, आणि ज्यांच्या परतण्याची शक्यता सर्वाधिक असते ते त्या कार्याच्या बाहेरच राहतात. ही उलटी मांडणी सरळ करावी, आणि ती सरळ झाली की नाही हे मोजून पाहावे, एवढ्याचसाठी हे पत्र आहे.

पुनरपराध म्हणजे एकदा गुन्ह्यासाठी पकडल्या गेलेल्या किंवा शिक्षा भोगलेल्या माणसाने पुन्हा गुन्हा करणे. व्याख्या सोपी असली तरी मोजमाप सोपे नाही, कारण केलेला प्रत्येक गुन्हा उघडकीस येत नाही. नोंदीत येते ती पुन्हा झालेली अटक, पुन्हा झालेली दोषसिद्धी किंवा पुन्हा झालेला तुरुंगप्रवेश, आणि या तीन मापांनी एकाच गटाचे तीन निरनिराळे आकडे निघतात. अमेरिकेच्या न्याय-सांख्यिकी विभागाने २००५ साली ३० राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा नऊ वर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांतील ६८ टक्क्यांना पहिल्या तीन वर्षांत आणि ८३ टक्क्यांना नऊ वर्षांत किमान एकदा पुन्हा अटक झालेली आढळली. नॉर्वेचा आकडा सहसा वीस टक्क्यांच्या आसपास सांगितला जातो आणि भाषणांतून हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात. पण नॉर्वेचा आकडा दोन वर्षांत पुन्हा दोषी ठरण्याचा आहे, अमेरिकेचा पुन्हा अटक होण्याचा आहे, आणि नॉर्वेत वाहतुकीच्या गुन्ह्यांसाठीही थोड्या दिवसांचा तुरुंगवास होत असल्याने तेथील तुरुंगात जाणारा माणूसच वेगळा असतो. नॉर्वेकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु ते या तुलनेतून शिकता येत नाही.

भारतात एनसीआरबी, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी प्रसिद्ध करतो आणि तीत त्या वर्षी दाखल झालेल्या शिक्षाबंद्यांपैकी सराईत किती, हे दिलेले असते. हा आकडा एक अंकी टक्क्यांतच राहतो, आणि त्यावरून भारतात पुनरपराध फारच थोडा आहे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. वास्तविक हा आकडा मागे वळून मोजलेला आहे: अमुक वर्षी सुटलेल्या हजार माणसांपैकी पुढे किती परतले हे तो सांगत नाही, तर आज शिक्षा लागलेल्यांपैकी कितींवर पूर्वीची दोषसिद्धी कागदावर सापडली एवढेच सांगतो. ज्याच्यावर पाच खटले चालू आहेत पण एकाचाही निकाल लागलेला नाही, जो सहा महिने आत, चार महिने बाहेर असा वर्षानुवर्षे फिरतो आहे, तो या मोजणीत येतच नाही. तुरुंगाच्या फाटकावर काम करणाऱ्या कोणत्याही शिपायाला असे चेहरे ओळखीचे असतात; राज्याच्या आकडेवारीला ते ओळखीचे नाहीत.

मोजल्याशिवाय धोरण ठरवले तर काय होते, याचा सर्वांत मोठा धडा अमेरिकेनेच घालून दिला आहे. रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९७४ साली ‘द पब्लिक इंटरेस्ट’ या नियतकालिकात, आधीच्या दोन दशकांहून अधिक काळातील २३१ अभ्यासांची छाननी करून असे मांडले की, काही तुरळक अपवाद वगळता सुधार-कार्यक्रमांचा पुनरपराधावर डोळ्यांत भरण्याजोगा परिणाम झालेला नाही. लेखाचे सार ‘काहीच उपयोगी पडत नाही’ अशा शब्दांत सर्वत्र पसरले. कैद्यांना लाडावून ठेवले जाते म्हणणारे आणि सुधाराच्या नावाखाली माणसाला अनिश्चित काळ डांबून ठेवले जाते म्हणणारे, असे दोन परस्परविरोधी गट या वाक्यावर एकत्र आले, आणि पुढील काळात अमेरिकी तुरुंगांची लोकसंख्या अनेक पटींनी वाढत गेली. मार्टिन्सनने पाच वर्षांनी, १९७९ साली, नव्या पुराव्याच्या आधारे आपला निष्कर्ष मागे घेतला आणि काही कार्यक्रम काही परिस्थितीत निश्चितपणे उपयोगी पडतात असे लिहिले. त्या दुसऱ्या लेखाची दखल फारशी कोणी घेतली नाही. संशोधकाने प्रामाणिकपणे केलेली दुरुस्ती शासनापर्यंत पोहोचली नाही, याची किंमत लाखो कुटुंबांनी मोजली.

या निराशेला उत्तर आले ते कॅनडातून. डॉन अँड्र्यूज, जेम्स बॉन्टा आणि त्यांचे सहकारी यांनी प्रश्नच बदलला: कार्यक्रम उपयोगी पडतात का, याऐवजी कोणता कार्यक्रम, कोणासाठी आणि कशा रीतीने दिला असता उपयोगी पडतो, असे त्यांनी विचारले. त्यासाठी त्यांनी मेटा-ॲनालिसिसची, म्हणजे अनेक स्वतंत्र अभ्यासांचे निष्कर्ष एकाच मापावर आणून त्यांचा एकत्रित परिणाम काढण्याची, पद्धत वापरली, आणि १९९० पासून जोखीम, गरज व प्रतिसाद या तीन तत्त्वांची चौकट उभी राहिली. जोखमीचे तत्त्व सांगते की, सर्वाधिक प्रयत्न त्यांच्यावर करावेत ज्यांच्या परतण्याची शक्यता सर्वाधिक आहे. गरजेचे तत्त्व सांगते की, त्या माणसाच्या अपराधाशी थेट जोडलेल्या आणि बदलता येण्याजोग्या गोष्टींवर काम करावे. गुन्ह्याचे समर्थन करणारी विचारसरणी, गुन्ह्यात असलेली मित्रमंडळी, व्यसन, आततायी स्वभाव, कुटुंबातील ताण, शिक्षण-रोजगाराचा अभाव आणि रिकामा वेळ या त्या गोष्टी होत. प्रतिसादाचे तत्त्व सांगते की, शिकवण्याची रीत शिकणाऱ्याच्या कुवतीला व स्वभावाला जुळणारी असावी, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या तरुणासमोर तासभर व्याख्यान देऊन काही साधत नाही.

या तिहींपैकी पहिले तत्त्व राज्यकर्त्यांना सर्वांत अवघड वाटते, कारण चांगल्या वागणुकीच्या बंद्याला सवलत द्यावी आणि त्रासदायक बंद्याला दूर ठेवावे ही प्रशासनाची सहजप्रवृत्ती असते. पण ख्रिस्तोफर लोवेनकँप आणि एडवर्ड लटेसा यांनी ओहायो राज्यातील निवासी सुधार-केंद्रांचा मोठा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळले की, अधिक जोखमीच्या लोकांचा पुनरपराध या केंद्रांत राहिल्याने अनेक ठिकाणी घटला, तर कमी जोखमीच्या लोकांचा उलट वाढला. कारण उघड आहे: ज्याचे घर, नोकरी आणि संगत शाबूत आहे त्याला तेथून उचलून सराईतांच्या सहवासात ठेवले की, त्याला सावरून धरणाऱ्या गोष्टीच तुटतात. तुरुंगाचेही तेच आहे. कैदेची शिक्षा आणि कैदेबाहेरची शिक्षा यांची तुलना करणाऱ्या ११६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि कैदेने पुनरपराध घटत नाही, झालाच तर किंचित वाढतो, असे त्याने दाखवले. नॉर्वेतील एका अभ्यासाने मात्र निराळे चित्र समोर ठेवले: तेथे कडक आणि सौम्य न्यायाधीशांकडे खटले यदृच्छेने वाटले जात असल्याचा फायदा घेऊन संशोधकांनी सारख्याच माणसांची तुलना केली, तेव्हा आधी बेकार असलेल्या लोकांचा पुनरपराध तुरुंगात जाऊन आल्यावर बराच घटलेला दिसला, कारण आत त्यांना कामाचे प्रशिक्षण मिळाले आणि बाहेर आल्यावर काम मिळाले. म्हणजे भिंती स्वतःहून काही करत नाहीत. भिंतींच्या आत काय घडते आणि बाहेर पडल्यावर काय मिळते, त्यावर सारे अवलंबून असते.

सद्‌हेतू पुरेसा नसतो, हे या संशोधनाचे दुसरे आणि अधिक कठोर सांगणे आहे. वाट चुकू पाहणाऱ्या मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून धाक दाखवण्याचा उपक्रम न्यू जर्सीतील राहवे तुरुंगात सुरू झाला, १९७८ च्या एका माहितीपटाने तो देशभर गाजला आणि अनेक राज्यांनी उचलला; चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांवर त्याच्या चाचण्या झाल्या, तेव्हा धाक दाखवलेली मुले धाक न दाखवलेल्या मुलांपेक्षा अधिक गुन्हे करताना आढळली. बोस्टनजवळ १९३९ साली सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात शेकडो मुलांना वर्षानुवर्षे समुपदेशन, शिकवणी आणि उन्हाळी शिबिरे मिळाली. जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्यांचा शोध घेतला, तेव्हा त्यांतील बहुसंख्यांनी प्रकल्पाचे आभार मानले, आणि तरीही मदत न मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांची स्थिती काही बाबतींत वाईट होती. इंग्लंडमध्ये लैंगिक अपराध्यांसाठीचा मुख्य उपचार-कार्यक्रम पंचवीस वर्षे चालला, आणि २०१७ च्या मूल्यमापनात तो घेतलेल्यांचा लैंगिक पुनरपराध १० टक्के, तर न घेतलेल्यांचा ८ टक्के निघाला. तेथील न्याय मंत्रालयाने तो कार्यक्रम बंद केला आणि हा अहवाल छापला. हे मनाचे मोठेपण महाराष्ट्राच्या गृह विभागालाही शोभेल. येथील तुरुंगांतील प्रवचने, ध्यानशिबिरे आणि व्याख्याने निरुपयोगी आहेत असे या पत्राचे म्हणणे नाही. तिहारमध्ये १९९४ साली हजाराहून अधिक बंद्यांनी विपश्यना केली आणि तेथील वातावरण निवळले, असे तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले आहे. पण तुरुंगातील शांतता ही एक गोष्ट आहे आणि सुटल्यानंतरचे आयुष्य ही दुसरी. पहिलीवरून दुसरीचा दाखला देता येत नाही.

उपयोगी काय पडते, याबद्दलचे पुरावेही आता बऱ्यापैकी आहेत. बोधात्मक वर्तन-उपचार म्हणजे प्रसंग, त्यावर मनात उठणारा विचार आणि त्यातून घडणारी कृती यांची साखळी माणसाला ओळखायला लावून ती तोडण्याचा सराव करवणारी पद्धत. तिच्या ५८ अभ्यासांचा आढावा २००५ साली घेतला गेला, तेव्हा पुनरपराधात सरासरी पाव हिश्श्याची घट आढळली, म्हणजे एरवी शंभरातले चाळीस परतले असते तेथे तीस परतले. या आकड्यानेही हुरळून जाऊ नये. तुरुंगांतील मानसोपचारांच्या २९ चाचण्यांचा आढावा ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ने २०२१ साली छापला, आणि लहान अभ्यास बाजूला काढताच एकूण परिणाम जवळजवळ नाहीसा होतो, उपचार-समुदाय, म्हणजे बंद्यांनी एकत्र राहून एकमेकांच्या साहाय्याने व्यसन व वर्तन सुधारण्याची व्यवस्था, तेवढी टिकून राहते, असे त्यातून दिसले. सुटकेनंतर कोणतीही साथ न मिळाल्यास आतली शिकवण विरून जाते, हे त्याचे एक संभाव्य कारण संशोधकांनी दिले आहे. शिक्षणाबाबत रँड या संस्थेने २०१३ साली अमेरिकेतील अभ्यास एकत्र करून दाखवले की, तुरुंगात शिकलेल्यांचे परतण्याचे प्रमाण न शिकलेल्यांपेक्षा १३ टक्के-बिंदूंनी कमी असते आणि शिक्षणावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे पुढील तीन वर्षांच्या तुरुंगखर्चात चार ते पाच डॉलर वाचतात. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शिकायला पुढे येणारा बंदी मुळातच बदलायला तयार असतो, त्यामुळे त्याच्या यशाचे सगळे श्रेय वर्गाला देता येत नाही. संशोधक याला निवडीचा दोष म्हणतात, आणि तो टाळल्याशिवाय कोणत्याही यशोगाथेवर विश्वास ठेवत नाहीत.

महाराष्ट्राच्या अभिमानाचे स्थान असलेल्या खुल्या कारागृहांकडे याच दृष्टीने पाहायला हवे. आटपाडीजवळची स्वतंत्रपूर वसाहत औंध संस्थानात १९३९ साली, भवानराव पंतप्रतिनिधींच्या राजवटीत आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या प्रेरणेने उभी राहिली. कैद्याला बेड्यांऐवजी शेत, विश्वास आणि कुटुंबाचा सहवास द्यावा, ही कल्पना त्या काळी जगातही विरळ होती, आणि ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’ने ती घराघरांत नेली. पैठण, मोर्शी, येरवडा येथील खुली कारागृहे त्याच वाटेवरची आहेत, आणि ती वाढायला हवीत, यात शंका नाही. पण तेथे पाठवायचा बंदी शिक्षेचा बराच भाग भोगलेला, चांगल्या वर्तनाचा आणि पळून जाण्याची भीती नसलेला असा निवडलेला असतो. त्यांतील अनेक जण एका भांडणात, जमिनीच्या वादात वा रागाच्या भरात खून घडून जन्मठेप भोगणारे असतात आणि सुटेपर्यंत चाळिशी-पन्नाशीला पोहोचलेले असतात. वय वाढते तसा गुन्हा ओसरतो, आणि दीर्घ शिक्षा भोगून सुटलेले खुनी फार थोड्या प्रमाणात पुन्हा गुन्हा करतात, हे अनेक देशांत दिसून आले आहे. अमेरिकेच्या आकडेवारीत वारंवार परतताना दिसतात ते चोरी-घरफोडीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांतले लोक आणि वयाने तरुण लोक. म्हणून खुल्या कारागृहांचे समर्थन माणुसकीच्या पायावर करावे, ते भक्कम आहे. पुनरपराध घटवण्याचा पुरावा म्हणून मात्र ती पुढे करू नयेत, कारण तेथे राहणारे बहुतेक जण तसेही परतले नसते.

परतणारे आहेत ते न्यायाधीन बंद्यांत, ज्यांना बोलीत कच्चे कैदी म्हणतात. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के, न्यायाधीन होते. तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ असल्याने एकूण गर्दी १३१ टक्क्यांवर गेली होती. महाराष्ट्रात न्यायाधीन बंद्यांचे प्रमाण या सरासरीहूनही अधिक, दर पाचांत चारांच्या आसपास आहे. कायद्याच्या दृष्टीने हे लोक निर्दोष आहेत, त्यामुळे त्यांना सक्तीचे काम देता येत नाही, आणि ते कधी सुटतील याचा नेम नसल्याने प्रशिक्षण, मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम किंवा समुपदेशन यांची आखणी शिक्षाबंद्यांना धरूनच होते. परिणामी मोबाईलचोरीत पकडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा आठ महिने भरगच्च बॅरेकमध्ये रिकामा बसतो, तेथील जुन्या लोकांकडून ओळखी आणि युक्त्या शिकतो, आणि जामीनदार मिळाला की एका संध्याकाळी फाटकाबाहेर उभा केला जातो. जोखीम, गरज आणि प्रतिसाद या तिन्ही तत्त्वांचा याहून पुरता भंग कल्पिणे कठीण आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्यांदाच आरोपी झालेल्या व्यक्तीस, फाशी वा जन्मठेपेचा गुन्हा नसल्यास, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामिनाची तरतूद केली आहे, आणि गरीब बंद्यांच्या जामिनासाठी आर्थिक मदतीची केंद्राची योजना २०२३ पासून आहे; या दोहोंची अंमलबजावणी नीट झाली तरी गर्दीचा मोठा भाग ओसरेल आणि उरलेल्यांसाठी काम करायला जागा व माणसे मिळतील.

पुनरपराधाचा विचार करताना पोलिसांच्या नजरेचाही विचार करावा लागतो, आणि महाराष्ट्रात तर तो टाळताच येणार नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात पिढ्या वाढल्या, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि १९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंग-नियमावल्यांतील जातिभेद घटनाबाह्य ठरवताना विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजण्याच्या या परंपरेवरही बोट ठेवले. परिसरात घरफोडी झाली की पारधी पालावर पोलीस जातात. तेथून उचललेल्याची नोंद पुढच्या वेळी पुरावा बनते, आणि नोंदीच्या संख्येवरून माणूस सराईत ठरतो. अशा ठिकाणी पुन्हा झालेली अटक हे गुन्ह्याचे माप राहत नाही, पोलिसांच्या लक्षाचे माप होते. म्हणूनच महाराष्ट्रात पुनरपराध मोजायचा तर अटक, आरोपपत्र आणि दोषसिद्धी असे तिन्ही आकडे वेगवेगळे ठेवले पाहिजेत.

तडीपारीचाही येथे उल्लेख करणे प्राप्त आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खाली एखाद्याला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवता येते. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी बोस्टनच्या ५०० अपराधी मुलांच्या जुन्या नोंदी शोधून त्यांचे आयुष्य सत्तरीपर्यंत तपासले, तेव्हा गुन्ह्याची वाट सोडणाऱ्यांच्या आयुष्यात स्थिर काम, जुळलेला संसार आणि जुन्या टोळक्यापासून तुटलेली रोजची दिनचर्या या गोष्टी पुनःपुन्हा आढळल्या. तडीपारी टोळक्यापासून कदाचित तोडत असेल, पण ती काम आणि संसार यांपासूनही तोडते, आणि हद्दीपलीकडच्या शहरात माणसाला भाड्याची खोली व पोटाला काम न देता सोडते. तिच्या परिणामांचा अभ्यास झाल्याशिवाय ती सरसकट वापरणे समर्थनीय नाही.

शिक्का पुसण्याचा प्रश्न रोजगाराशी थेट जोडलेला आहे. डेवा पेजर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या मिलवॉकीतील प्रयोगात सारख्याच पात्रतेचे तरुण नोकरीसाठी पाठवले, तेव्हा गुन्ह्याची नोंद नसलेल्या गोऱ्या उमेदवारांपैकी ३४ टक्क्यांना, नोंद असलेल्यांपैकी १७ टक्क्यांना पुढचे बोलावणे आले; काळ्या उमेदवारांत हे आकडे १४ आणि ५ टक्के होते, म्हणजे नोंद नसलेला काळा तरुण नोंद असलेल्या गोऱ्या तरुणाच्याही मागे राहिला. महाराष्ट्रात सुरक्षारक्षक, वाहनचालक, घरपोच सामान देणारा अशा ज्या कामांवर गरीब तरुणाची भिस्त असते, तेथे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागण्याची पद्धत रूढ होत आहे आणि निकाल न लागलेला खटलाही त्यात आडवा येतो. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने, तुरुंगात न पाठवता परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होणार नाही, असे कलम १२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. एकवीस वर्षांखालील अपराध्याला शक्यतो तुरुंगात पाठवू नये, असेही कलम ६ सांगते. कायदा सत्तर वर्षांचा होत आला तरी परिवीक्षा न्यायालयांच्या नित्य व्यवहारात उतरलेली नाही, कारण ती उतरवण्यासाठी लागणारे अधिकारी पुरेसे नेमलेच गेले नाहीत.

सुटकेनंतरचे पहिले दिवस सर्वांत नाजूक असतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील २००७ च्या एका अभ्यासात सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका सर्वसामान्यांच्या जवळजवळ तेरापट आढळला, आणि त्यात अमली पदार्थांच्या अतिसेवनाचा वाटा सर्वांत मोठा होता. मिनेसोटात सोळा हजारांहून अधिक सुटलेल्यांच्या अभ्यासात, आत असताना निदान एकदा तरी कोणी भेटायला आलेल्यांचा पुन्हा गंभीर गुन्ह्यात दोषी ठरण्याचा धोका १३ टक्क्यांनी कमी निघाला. महाराष्ट्राच्या तुरुंगांत ‘गळाभेट’ उपक्रमातून बंद्याला आपल्या लेकरांना जवळ घेता येते, आणि राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ योजनेतून २०२२ पासून येरवड्यातील बंद्यांना घरच्या गरजेसाठी ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागले, जे त्यांच्या तुरुंगातील मजुरीतून फिटते. हे दोन्ही उपक्रम कुटुंब टिकवण्याच्या दिशेने टाकलेली योग्य पावले आहेत, मात्र त्यांचाही सुटकेनंतरचा परिणाम तपासायला हवा. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून मुंबई परिसरातील पोलीस ठाणी, न्यायालये आणि तुरुंगांत सामाजिक कार्यकर्ते नेमून जामीन, कागदपत्रे, निवारा आणि काम या चारही अंगांनी सुटणाऱ्यांना, विशेषतः घरच्यांनी टाकलेल्या स्त्रियांना, हात देत आला आहे. जे काम एका शैक्षणिक संस्थेच्या बळावर तीन दशकांहून अधिक काळ चालले, ते राज्याच्या नियमित सेवेचा भाग व्हायला हवे होते. समाजकार्यकर्ता हे पद प्रत्येक मध्यवर्ती आणि जिल्हा कारागृहात, केवळ शिक्षाबंद्यांसाठी नव्हे, निर्माण होणे अत्यावश्यक आहे.

या सर्वांतून शासनासमोर ठेवायच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना मोठा खर्च लागत नाही. ई-प्रिझन्स प्रणालीत प्रत्येक बंद्याचा प्रवेश आणि सुटका नोंदली जाते, पोलीस ठाण्यांच्या आणि न्यायालयांच्या नोंदी संगणकावर आहेत. या तिन्ही जोडून एका वर्षात सुटलेल्या सर्वांचा, न्यायाधीन आणि शिक्षाबंदी असा दोहोंचा, नावे उघड न करता तीन वर्षे मागोवा घेता येतो. हे काम गृह विभागाबाहेरच्या एखाद्या विद्यापीठाकडे द्यावे आणि तपासणीत मिळालेली माहिती कोणत्याही व्यक्तीविरुद्ध वापरता येणार नाही, अशी कायदेशीर हमी द्यावी, अन्यथा मोजणीच पाळतीचे साधन बनेल. ज्या प्रशिक्षणवर्गाला जागा तीस आणि इच्छुक नव्वद असतील तेथे प्रवेश चिठ्ठ्या टाकून द्यावा, कारण तो न्याय्यही आहे आणि त्यामुळे प्रवेश मिळालेले व न मिळालेले यांची खरी तुलना करता येऊन निवडीचा दोष टळतो. पंचवीस वर्षांखालील न्यायाधीन बंद्यांसाठी केव्हाही सुरू करता येईल आणि केव्हाही सोडता येईल असा छोट्या छोट्या घटकांचा कार्यक्रम एखाद्या मध्यवर्ती कारागृहात सुरू करावा, त्यात व्यसनमुक्ती आणि विचार-वर्तनाचा सराव यांना अग्रक्रम द्यावा, आणि सुटल्यावर तोच कार्यकर्ता निदान तीन महिने त्या मुलाच्या संपर्कात राहील अशी व्यवस्था करावी. निष्कर्ष प्रतिकूल आले तरी ते प्रसिद्ध करावेत.

गुन्ह्याला बळी पडलेल्यांचा विचार या मांडणीत कोठे आहे, असा प्रश्न विधिमंडळात निश्चितच विचारला जाईल, आणि तो विचारला जायलाच हवा. ज्याचे घर फोडले गेले त्याला भरपाई मिळणे हा त्याचा हक्क आहे. पण दुसरे घर फोडले जाऊ नये, हाही त्याच्या शेजाऱ्याचा हक्क आहे, आणि परतणाऱ्यांची संख्या घटवणे हा तो हक्क राखण्याचा एक महत्त्वाचा मार्ग आहे. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी महाराष्ट्राने सुटलेल्यांचा पहिला गट निश्चित करावा, त्याचा मागोवा घेण्याचे काम सोपवावे, आणि पहिल्या वर्षाचे आकडे, ते कसेही असोत, विधिमंडळाच्या पटलावर ठेवण्याचे वचन गृहमंत्र्यांनी सभागृहात द्यावे, ही कळकळीची विनंती आहे.